दोन क्विंटलांचा भार

जुन्या रेडिओच्या स्पीकरमधले काळे, गोल चुंबक सुतळीला बांधायचे आणि नाल्याच्या वाळूतून ओढत न्यायचे, हा खेळ मराठवाड्यातल्या खेड्यांत वाढलेल्या पुष्कळांनी खेळलेला असतो. दहा-वीस पावलांत चुंबकाला काळ्या कणांची दाढी फुटते. कण बोटांनी ओरबाडले तरी निघत नाहीत, सरकून पुन्हा चिकटतात. जाणती पोरे म्हणून आधी चुंबकाला कागद गुंडाळतात. कागद अलगद सोडवला की चिमूटभर काळी भुकटी तळहातावर उरते. हिमायतनगरच्या, म्हणजे जुन्या वाढोण्याच्या, उत्तरेला पैनगंगा वाहते. तिच्या काठच्या वाळूत ही भुकटी सापडते, कारण नदी आणि तिला मिळणारे ओढे दख्खनचा काळा पाषाण घासत येतात आणि त्या पाषाणात हे कण पहिल्यापासूनच असतात.

भुकटीचे नाव मॅग्नेटाइट. लोहाच्या तीन अणूंमागे ऑक्सिजनचे चार अणू असे हे ऑक्साइड. आपल्याकडच्या बसाल्टात त्यात थोडे टायटॅनियमही मिसळलेले असते. चुंबक याला ओढतो एवढे पोरांनाही ठाऊक असते. मला सांगायचे आहे ते या कणाच्या आतल्या घराबद्दल. या घरावर प्रचंड भार टाकला तर ते कोसळते, सरकते की नव्याने उभे राहते? आणि कण अगदीच लहान, दहा नॅनोमीटरचा, असला तर याच प्रश्नाचे उत्तर वेगळे का येते?

आधी घर पाहू. ऑक्सिजनचे अणू आकाराने मोठे. फळवाल्याने हातगाडीवर रचलेल्या मोसंब्यांसारखे ते एकमेकांच्या खाचांत बसतात. मोसंबी कितीही नीट रचली तरी मध्ये फटी राहतात आणि त्या दोन तऱ्हेच्या असतात : चार मोसंब्यांच्या मधली लहान फट आणि सहांच्या मधली जरा मोठी. लोहाचे अणू या फटींत राहतात. ज्या घनाकृती तुकड्याची पुनरावृत्ती होत होत सगळा स्फटिक बनतो, त्या तुकड्यात ऑक्सिजनचे 32 अणू असतात. त्यात लहान फटी 64, पण भरलेल्या फक्त 8. मोठ्या फटी 32, भरलेल्या 16. म्हणजे 96 खोल्यांपैकी 72 रिकाम्या. या मांडणीला स्पिनेल म्हणतात. तुकड्याची एक बाजू सुमारे 0.84 नॅनोमीटर भरते. दहा नॅनोमीटरच्या कणात असे तुकडे एका रांगेत जेमतेम बारा मावतात. हा बाराचा आकडा ध्यानात ठेवा, पुढे सगळे त्याच्यावर येऊन ठेपणार आहे.

हाच स्पिनेल मराठवाड्यातल्या प्रयोगशाळांमध्ये हाताने तयार होतो. छत्रपती संभाजीनगरचे विद्यापीठ आणि 1994 साली स्थापन झालेले नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ यांच्या परिसरात फेराइटवर, म्हणजे लोहाबरोबर कोबाल्ट, निकेल, जस्त असे धातू घेऊन बनवलेल्या स्पिनेलांवर, बरेच काम झाले आहे. तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयालाही ते परवडते, कारण त्याला लागते ते एक तराजू, एक हॉट प्लेट, एक भट्टी आणि भरपूर चिकाटी.

कोबाल्ट फेराइटचे उदाहरण घेऊ. लोहाचे आणि कोबाल्टचे नायट्रेट पाण्यात विरघळवतात. कोबाल्टमुळे द्रावणाला लालसर छटा येते. त्यात सायट्रिक आम्ल घालतात आणि मग अमोनिया थेंब थेंब, द्रावण आम्लही नाही आणि अल्कलीही नाही अशा मधल्या बिंदूला येईपर्यंत. बीकरच्या तळाशी चुंबकाची कांडी फिरत राहते, हॉट प्लेट ऐंशी-नव्वद अंशांवर असते. दोन-तीन तासांत पाणी उडून गूळ शिजतो तसा दाट, चिकट गर होतो आणि कांडी अडखळू लागते. ती बाहेर काढायची आणि आच वाढवायची. गर फुगतो, फसफसतो, आणि एका कोपऱ्यात ठिणगी धरते. ती सावकाश सगळ्या बीकरभर सरकत जाते. मागे उरते काळी, हलकी, फुसफुशीत राख, पळाटी जाळल्यावर चुलीत उरते तशी. फुंकर मारली तर उडून जाईल. ही राख खलात घोटून भट्टीत सहाशे अंशांवर चार-पाच तास ठेवली की मांडणी पक्की होते. क्ष-किरण टाकून पाहिले की ठरावीक कोनांवर शिखरे दिसतात. शिखरे रुंद असली तर कण लहान. रुंदीवरून कणाचे माप काढता येते. वीस, पंधरा, कधी आठ नॅनोमीटर. नदीच्या वाळूतल्या काळ्या कणाचेच हे भाऊबंद, पण लांबीत काही हजार पटींनी लहान.

पुढची पायरी पेलेटची. विजेचे आणि चुंबकाचे गुणधर्म मोजायला भुकटीची टिकली लागते. भुकटी पोलादी साच्यात घालतात, साचा हायड्रॉलिक प्रेसखाली ठेवतात आणि दांडा खालीवर करत काटा पाच टनांवर नेतात. साचा दहा मिलिमीटर व्यासाचा असेल तर गणित सोपे आहे : पाच टनांचा भार एवढ्याशा वर्तुळावर म्हणजे सुमारे 0.6 गिगापास्कल. एक गिगापास्कल म्हणजे साधारण दहा हजार वातावरणांचा दाब. समुद्राचा सर्वांत खोल तळ मारियाना गर्तेत आहे, तिथला दाब 0.11 गिगापास्कलच्या आसपास. म्हणजे पेलेट करताना विद्यार्थी भुकटीला समुद्रतळापेक्षा पाच पट दाबत असतो, आणि हे काम रोजचे आहे.

तरीही टिकलीवर क्ष-किरण टाकले की शिखरे होती तिथेच सापडतात. जिनिंगमध्ये रुई दाबून गाठ बांधतात तेव्हा काय होते, ते आठवा. खोलीभर रुईची हाताने उचलता येण्याजोगी गाठ होते, पण आतला धागा तोच राहतो. मधली हवा तेवढी निघून जाते. पेलेटमध्येही कण जवळ येतात, मधली पोकळी कमी होते. कणाच्या आतले घर हलत नाही. ते हलवायला याच्या तीस-चाळीस पट दाब लागतो.

एवढा दाब आणायचा कुठून? भार वाढवून फार पुढे जाता येत नाही, कारण साचाच फुटतो. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठातल्या पर्सी ब्रिजमन यांनी आयुष्यभर कठीण धातूंचे ऐरण बनवून दहा गिगापास्कलच्या घरात मजल मारली आणि 1946 चे नोबेल पारितोषिक मिळवले. त्यांची यंत्रे खोलीएवढी जागा घेत. मग 1958-59 च्या सुमारास वॉशिंग्टनच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समधल्या चार्ल्स वीअर, एलिस लिपिनकॉट, आल्विन व्हॅन व्हाल्केनबर्ग आणि एल्मर बंटिंग यांनी दुसऱ्या बाजूने विचार केला. भार तेवढाच ठेवा, क्षेत्रफळ कमी करा. पोत्यात बोट घुसत नाही, दाभण घुसते. त्यांनी दोन हिरे टोकाला टोक लावून समोरासमोर ठेवले. सरकारने तस्करांकडून जप्त केलेले हिरे त्यांच्या कामी आले.

या उपकरणाचे गणित मला फार आवडते. हिऱ्याचे टोक घासून सपाट केलेले असते, व्यास साधारण 0.3 मिलिमीटर. त्यावर तीस गिगापास्कल दाब आणायला लागणारा भार किती? सुमारे 215 किलो. सोयाबीनची दोन पोती, दोन क्विंटलांहून किंचित जास्त. पेलेटच्या प्रेसमध्ये पाच टन खर्चून 0.6 गिगापास्कल मिळाला होता. इथे त्याच्या वीस-पंचविसाव्या हिश्शाच्या भारात पन्नास पट दाब. उपकरण मुठीत मावते आणि पान्याने चार स्क्रू आवळून दाब वाढवता येतो.

दोन टोकांच्या मध्ये पोलादाचा पातळ पत्रा असतो आणि त्याला केसाच्या जाडीचे भोक. त्या भोकात नमुना भरतात, सुईच्या टोकाने, सूक्ष्मदर्शकाखाली, श्वास रोखून. भोकात मावते ती भुकटी दोन मायक्रोग्रॅमच्या आसपास. तेवढ्यातही दहा नॅनोमीटरचे कण दहा हजार कोटींहून जास्त असतात. दाब सगळीकडून सारखा पडावा म्हणून भोकात मेथॅनॉल आणि इथॅनॉल यांचे चारास एक मिश्रण ओततात. ते दहा गिगापास्कलपर्यंत द्रवासारखे वागते. शिवाय माणकाचा एक कण टाकतात. माणिक म्हणजे क्रोमियमचा अंश असलेले अॅल्युमिनियम ऑक्साइड. त्यावर लेझर टाकला की ते 694 नॅनोमीटरच्या आसपास लाल चमकते, आणि दाब वाढेल तशी ही लाली दर गिगापास्कलला सुमारे 0.36 नॅनोमीटरने सरकते. दाब मोजायची ही युक्ती 1972 साली पुढे आली. एका ऑक्साइडची परीक्षा चालू असते आणि दुसरे ऑक्साइड शेजारी बसून माप सांगत असते.

हिरा पारदर्शक असल्याने आत डोकावता येते. क्ष-किरण आरपार जातात, लेझरही जातो. रामन परिणाम वापरून अणूंची थरथर मोजता येते. सर सी. व्ही. रामन यांचे विद्यार्थी ए. जयरामन यांनी अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत हिऱ्यांचे हे तंत्र रुजवले आणि 1983 मध्ये त्यावर लिहिलेला त्यांचा आढावा जगभरच्या संशोधकांनी वाचला. आपल्याकडे तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात उच्चदाब भौतिकीचे काम अनेक दशके चालू आहे. याच केंद्राने इंदूरच्या इंडस-2 या सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे कड्याच्या आकाराच्या यंत्रावर, अशा प्रयोगांसाठी एक बीमलाइन उभारली आहे. 172 मीटर घेराच्या त्या कड्यातून निघणारा क्ष-किरणांचा झोत इतका प्रखर असतो की दोन मायक्रोग्रॅम भुकटीही स्पष्ट दिसते. विद्यापीठांतल्या संशोधकांना अर्ज करून तिथे वेळ मिळतो. मराठवाड्यातल्या एखाद्या बीकरमध्ये जळून तयार झालेली राख कुपीत भरून इंदूरला नेता येते, हे मला फार मोलाचे वाटते. तीस वर्षांपूर्वी हे शक्य नव्हते.

आता स्क्रू आवळू या. सुरुवातीला शिखरे हळूहळू सरकतात : सगळे अणू एकमेकांच्या जवळ येत आहेत, घर तेच, जरा आकसलेले. मग एका टप्प्यावर जुनी शिखरे विझू लागतात आणि नवीन कोनांवर नवी शिखरे उगवतात. मॅग्नेटाइटमध्ये हे वीस ते पंचवीस गिगापास्कलच्या दरम्यान घडते. 72 रिकाम्या खोल्या सांभाळणे आता परवडत नाही. चार ऑक्सिजनांच्या मध्ये राहणारा लोहाचा अणू आठांच्या मध्ये जाऊन बसतो, आणि सगळे घर अधिक दाट अशा दुसऱ्या घाटाचे होते.

हा नियम जवळजवळ सगळ्या ऑक्साइडांत दिसतो : दाब वाढला की शेजारी वाढतात. मलमात आणि रबरात वापरले जाणारे झिंक ऑक्साइड घ्या. त्यात जस्ताच्या अणूला चार ऑक्सिजन शेजारी असतात. नऊ-दहा गिगापास्कलला ते सहा होतात, मांडणी मिठाच्या खड्यासारखी होते आणि घनफळ सहाव्या हिश्शाहून जास्त घटते. वाळूतल्या गारगोटीचेही तसेच. सिलिकॉनला चार शेजारी असतात, प्रचंड दाबाखाली सहा होतात आणि घनता 2.65 वरून 4.29 वर जाते. हा दाट प्रकार सेर्गेई स्तिशोव यांनी 1961 मध्ये प्रयोगशाळेत बनवला, त्याला स्टिशोवाइट म्हणतात. आपल्या पायाखाली 520 ते 660 किलोमीटर खोलीवर रिंगवुडाइट नावाचे खनिज आहे, त्याचे घर स्पिनेलचेच. 660 किलोमीटरवर, साधारण 23-24 गिगापास्कलला, ते मोडते आणि तिथेही सिलिकॉनला चाराऐवजी सहा शेजारी मिळतात. भूकंपाच्या लहरी त्या खोलीवर एकदम वेग बदलतात त्याचे कारण हे. म्हणजे हिऱ्यांच्या टोकांमध्ये दोन क्विंटलांचा भार टाकला की त्या केसाएवढ्या भोकात पृथ्वीच्या पोटातला 660 किलोमीटरचा उंबरठा ओलांडला जातो.

इथवर गोष्ट सरळ आहे. नॅनो कण आला की ती वळण घेते.

साल 2000. डेन्मार्कमधले जे. झेड. जियांग, जे. एस. ओल्सेन, लेइफ गेरवार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारा नॅनोमीटरचे झिंक ऑक्साइड दाबले. मोठे दाणे 9.9 गिगापास्कलला बदलतात. बारा नॅनोमीटरच्या कणांना 15.1 लागले. पदार्थ तोच, रसायन तेच, फक्त कण बारीक, आणि दाब दीडपट. बारीक कण अधिक चिवट, असे म्हणावे तर त्याच गटाने त्याआधी 1998 मध्ये लोहाच्या एका ऑक्साइडवर, मॅगेमाइटवर, प्रयोग केला होता. ते सुद्धा स्पिनेलच्या कुळातले. मोठे दाणे सुमारे 35 गिगापास्कलला हेमॅटाइटमध्ये बदलतात. नऊ नॅनोमीटरचे कण 27 लाच बदलले. इथे बारीक कण आधी हरला.

असे उलटसुलट निकाल आले की गोंधळायला होते, पण मला वाटते विज्ञानाची खरी गोडी इथेच आहे. तीन गोष्टी एकमेकींशी झगडत असतात. नवे घर किती दाट आहे ही पहिली : जितके जास्त आकसता येईल तितका दाबाचा फायदा. दुसरी, आतल्या बंधांना ते किती पसंत आहे. आणि तिसरी पृष्ठभागाची. मोठ्या दाण्यात पृष्ठभागावरचे अणू नगण्य. अर्ध्या नॅनोमीटर जाडीची साल धरली तर शंभर नॅनोमीटरच्या कणात ती जेमतेम तीन टक्के भरते, दहा नॅनोमीटरच्या कणात 27 टक्के, पाचच्या कणात जवळजवळ अर्धी. एक रांग फक्त बारा तुकड्यांची असेल तर दोन्ही टोकांचे घर बाहेरच्या भिंतीचेच, नाही का? नव्या मांडणीचा पृष्ठभाग जास्त खर्चाचा असेल तर लहान कण बदलायला नाखूष राहतो, आणि झिंक ऑक्साइडमध्ये तेच झाले. मॅगेमाइटमध्ये लहान कणाला बदलताना मोठ्यापेक्षा जास्त आकसता आले, म्हणून पारडे तिकडे झुकले.

पृष्ठभागाचा आणखी एक परिणाम आहे. पाण्याचा थेंब गोल राहतो तो पृष्ठताणामुळे. तोच ताण थेंबाला बाहेरून आवळतो. कण जितका लहान तितकी आवळणी घट्ट. दहा नॅनोमीटरचा ऑक्साइडचा कण कोणीही न दाबता, नुसत्या आपल्या सालीमुळे, 0.4 गिगापास्कलच्या आसपास दाबाखाली असतो. कुपीत निवांत पडलेली राख आतून जवळजवळ पेलेटच्या प्रेसखालीच असते.

चौथीही एक बाब आहे, ती दह्याच्या उदाहरणाने नीट कळते. दूध कोमट आहे, वेळही झाली आहे, पण विरजण लावले नाही तर दही लागत नाही. भांडेभर दुधाला चमचाभर विरजण पुरते, एका कोपऱ्यातून सुरुवात होते आणि सगळे दूध बदलते. आता तेच दूध लाखो थेंबांत वाटून टाका आणि विरजणाचे मोजकेच कण शिंपडा. जिथे कण पडला तो थेंब तेवढा लागेल, बाकीचे दूधच राहतील. स्फटिकात विरजणाचे काम करतात ते आतले दोष : एखादा निसटलेला अणू, एखादी सरकलेली रांग. मोठ्या दाण्यात असे दोष भरपूर, म्हणून बदलाला कुठून तरी सुरुवात होतेच. दहा नॅनोमीटरच्या कणात दोष असा नसतोच. असला तर सरकून पृष्ठभागावर जातो आणि नाहीसा होतो. मग प्रत्येक कणाला आपला बदल स्वतःच सुरू करावा लागतो आणि त्यासाठी जास्त दाब लागतो. बर्कलीच्या सारा टोलबर्ट आणि पॉल अलिव्हिसाटोस यांनी 1994 मध्ये कॅडमियम सेलेनाइडच्या नॅनोकणांवर हे दाखवून दिले. ते ऑक्साइड नव्हे, पण त्यांचा विचार ऑक्साइडांनाही लागू पडला.

टायटॅनियम डायऑक्साइडची कहाणी याहून नवलाची आहे. भिंतीच्या पांढऱ्या रंगात असते ते हे द्रव्य. त्याचा अनाटेज नावाचा स्फटिक दाबला तर मोठ्या दाण्यांत थोड्या गिगापास्कललाच पहिला बदल होतो आणि पुढे बॅडलेयाइट या खनिजासारखी मांडणी येते. त्यात टायटॅनियमला सहाऐवजी सात शेजारी. बारा ते पन्नास नॅनोमीटरचे कण पहिली पायरी गाळून थेट बॅडलेयाइटवर उडी मारतात. आणि दहा नॅनोमीटरहून लहान कण? वर्गीस स्वामी आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये त्यांचे मोजमाप मांडले. वीस गिगापास्कलच्या पुढे जुनी शिखरे विझतात आणि नवी उगवतच नाहीत. आलेखावर एक पसरट उंचवटा तेवढा राहतो. कण आहे, अणूही सगळे आहेत, पण रांग नाही. कण काचेसारखा अस्फटिकी झाला.

का? जुने घर दाबाखाली टिकत नाही. नव्या घराला उभे राहायला किमान काही तुकड्यांचा पाया लागतो, आणि एवढ्याशा कणात तेवढा पाया पसरायला जागा नाही. मोडणे घडते, बांधणे राहून जाते. स्क्रू सैल करून दाब पूर्ण काढला तरी अनाटेज परत येत नाही. काच थोडी मोकळी, विरळ होते आणि तशीच काच राहते.

परतीचा प्रवास नॅनो कणांच्या बाबतीत नेहमीच पाहण्यासारखा असतो. मोठ्या दाण्यांचे झिंक ऑक्साइड दाब उतरला की दोन गिगापास्कलच्या आसपास आपल्या जुन्या मांडणीत परत जाते. पण 2002 मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी नॅनो कण पंधरा गिगापास्कलला दाबून थोडे तापवले, थंड केले आणि दाब काढला. मिठासारखी ती दाट मांडणी साध्या हवेत टिकून राहिली. पुढे जायला जो अडसर होता तोच मागे यायलाही अडसर झाला. पृथ्वीच्या पोटातच शोभणारे घर टेबलावर ठेवता येते ते असे, आणि ऑक्साइडांवर उच्च दाबाचे काम करणाऱ्यांची आशा आज मुख्यतः याच्यावर आहे : दाबाखाली घडवलेला आणि दाब नसताना टिकणारा नवा पदार्थ.

हिऱ्यांचे हे सगळे काम सावकाशीचे आहे. स्क्रू पाव फेरा फिरवायचा, दहा मिनिटे थांबायचे, क्ष-किरणांचे चित्र घ्यायचे. पण याहून घाईचा एक प्रयोग निसर्गाने आपल्याच खडकावर करून ठेवला आहे. हिमायतनगरहून पक्ष्यासारखे सरळ उडत वायव्येला गेले तर सुमारे दीडशे किलोमीटरवर लोणार. पैनगंगा मेहकरावरून खाली येते, आणि मेहकर-लोणार तर शेजारी-शेजारीच. लोणारचे विवर 1.8 किलोमीटर व्यासाचे आहे आणि ते बसाल्टात, म्हणजे पैनगंगेच्या वाळूला काळे कण देणाऱ्या पाषाणात, उल्का आदळून झालेले आहे. त्याच्या वयाबद्दल अजून मतभेद आहेत. जुनी मोजमापे पन्नास हजार वर्षांच्या आसपास येतात, 2011 मध्ये आर्गॉनच्या पद्धतीने काढलेले वय मात्र 5,70,000 वर्षे आले.

उल्का आदळलीच होती, ज्वालामुखी नव्हता, हे कशावरून? 1973 मध्ये के. फ्रेड्रिक्सन, ए. दुबे, डी. जे. मिल्टन आणि एम. एस. बालसुंदरम यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात जो पुरावा मांडला, त्यात मॅस्केलिनाइटला मोठे स्थान होते. बसाल्टात फेल्डस्पार नावाचे पांढुरके, लांबट स्फटिक असतात. सिलिकॉन, अॅल्युमिनियम, कॅल्शियम, सोडियम यांना ऑक्सिजनच्या सांगाड्यात बसवलेले हे खनिज. वीस ते चाळीस गिगापास्कलचा धक्का बसला की ते वितळल्यावाचून काच होते. ही काच पहिल्यांदा ओळखली गेली तीही भारतात पडलेल्या दगडात : 25 ऑगस्ट 1865 रोजी बिहारमध्ये गयेजवळच्या शेरघाटी इथे एक उल्का पडली, गुस्ताव चेर्माक यांनी 1872 मध्ये तिच्यातल्या या द्रव्याला ब्रिटिश खनिजशास्त्रज्ञ स्टोरी मॅस्केलिन यांचे नाव दिले. तो दगड मंगळावरून आला आहे, हे पुढे शंभर वर्षांनी कळले.

लोणारला तो दाब क्षणभर टिकला. विवर कितीही मोठे असले तरी धक्क्याची लाट एका खडकातून सेकंदाच्या अगदी छोट्या हिश्शात पार होते. फेल्डस्पारचे जुने घर त्या क्षणात मोडले आणि नवे दाट घर रचायला वेळच मिळाला नाही. अनाटेजच्या नॅनो कणाला जागा मिळाली नाही, लोणारच्या फेल्डस्पारला वेळ मिळाला नाही. दोघांच्या वाट्याला काचच आली.

ती काच पाहायची असेल तर लोणारच्या धक्का बसलेल्या बसाल्टाचा काप घासून केसाहून पातळ करतात, काचपट्टीवर चिकटवतात आणि ध्रुवणकारी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. साध्या उजेडात फेल्डस्पारचे लांबट तुकडे जसेच्या तसे दिसतात, कडा सरळ, टोके धारदार, हलवले-विस्कटले असे काही नाही. मग वरची दुसरी ध्रुवक काच आडवी सरकवतात. आजूबाजूचे पायरोक्झिन या खनिजाचे दाणे पिवळे, निळे, जांभळे चमकू लागतात. फेल्डस्पारच्या जागी मात्र लांबट, काळे तुकडे दिसतात. मंच गोल फिरवला तरी ते उजळत नाहीत, पुरा फेरा होईपर्यंत काळेच राहतात.